छाटणीनंतरची फवारणी: औषध बदलण्याआधी टाकीतलं पाणी तपासा

परतीचा पाऊस अजून रेंगाळतोय, सकाळी दव पडतंय आणि द्राक्षबागा पोंग्यातून (डोळा फुटतानाची अवस्था) तीन-पाच पानांवर येत आहेत. डाऊनी या बुरशीजन्य रोगाला यापेक्षा चांगली वेळ मिळत नाही. पान रात्रभर ओलं राहिलं की तो आत शिरतो, आणि पानामागे पांढरी बुरशी दिसेपर्यंत घडावर उतरलेला असतो. म्हणून या आठवड्यात बाकी कामं एक दिवस मागे राहिली तरी चालतील, पण फवारणीचं पाणी तपासल्याशिवाय टाकी भरू नका. हे मी दर हंगामात सांगतो, तरीही बागा जाताना बघतो.

गेल्या ऑक्टोबरात तासगाव भागातल्या एका आबांनी बोलावलं. आठ दिवसांत तीन फवारण्या झाल्या होत्या, दर वेळी आधीपेक्षा महाग औषध, आणि पानांवरचे तेलकट डाग वाढतच होते. दुकानदाराने सांगितलं होतं, “रोगाला औषधाची सवय झालीय, आता ही नवी बाटली मारा.” मी टाकीत सामूची (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप) पट्टी बुडवली. निळसर हिरवी झाली, सामू ८ च्या वर. घरात चहा पिताना आजी सहज बोलून गेल्या, “बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, डाळीला नळाचं आणतो.” अंघोळीच्या बंबात बोटभर पांढरा थर साचलेला. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, तेच पाणी हजारो रुपयांच्या औषधात ओतलं जात होतं, आणि घरात कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं.

रोगात प्रतिकारशक्ती येतच नाही असं मी म्हणत नाही, येते. पण पाणी न तपासता ती आली असं म्हणायचा अधिकार दुकानदाराला नाही आणि आपल्यालाही नाही.

आपल्याकडचा काळा पाषाण झिजून पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उतरतात. म्हणून विहीर-बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी असतं. अशा पाण्यात काही औषधं टाकीतच फुटतात. कॅप्टान या बुरशीनाशकाचं उदाहरण घ्या. सामू ५ असेल तर ते निम्मं व्हायला साधारण ३२ तास लागतात, सामू ७ ला ८ तास आणि सामू ८ ला फक्त १० मिनिटं. म्हणजे औषध कालवून गडी चहाला गेले, किंवा लाईट गेली म्हणून टाकी भरून ठेवली, तर ब्लोअर सुरू होईपर्यंत आत उरतं ते रंगीत पाणी. मॅलॅथिऑन, डायमेथोएट यांसारखी कीटकनाशकंही अल्कधर्मी पाण्यात लवकर संपतात.

पाणी आणखी एक फसवणूक करतं. बोअरमधून नुकतंच आलेलं पाणी तपासलं तर सामू ७.२ वगैरे दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साईड असतो. हौदात उघड्यावर राहिलं की तो उडून जातो, सामू चढतो आणि कडेला पांढरी साय धरते. शेततळ्यात शेवाळ असेल तर दिवसभर ते हाच वायू खातं, त्यामुळे दुपारनंतर त्याच पाण्याचा सामू ९ पर्यंत जाऊ शकतो. शेततळ्याचं पाणी पहाटे घ्या. आणि तपासायचं ते मोटारीच्या तोंडाचं नाही, टाकीत भरलेलं पाणी.

दुकानात ‘पीएच बॅलन्सर’ नावाच्या बाटल्या मिळतात. बहुतेकांत काम आम्लच करतं. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सुटं घ्या. किती टाकायचं हे शेजाऱ्याला विचारू नका, त्याचं पाणी वेगळं. बादलीवर काढा:

१० ग्रॅम लिंबूसत्व थोड्या पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा. फवारणीचंच १० लिटर पाणी बादलीत घ्या. या द्रावणाचं ५ मिली टाका, काठीने ढवळा, पट्टी बुडवा. सामू ६ च्या आसपास येईपर्यंत असंच ५-५ मिली टाकत जा. दहा मिनिटं थांबून पुन्हा पट्टी बुडवा, कारण वायू निघून गेल्यावर सामू थोडा वर सरकतो. समजा एकूण ३० मिली लागलं, म्हणजे ३ ग्रॅम, तर २०० लिटरला ६० ग्रॅम. हा आकडा पंपाच्या झाकणावर लिहून ठेवा. पावसानंतर विहिरीची पातळी बदलली की पुन्हा काढा.

आधी पाण्याचा सामू उतरवायचा, मग औषध. उलट केलं तर उपयोग नाही.

पण एक ठिकाण सोडून. बोर्डो आणि ताम्रयुक्त औषधांच्या पाण्यात आम्ल घालू नका. आम्लात तांबं मोकळं सुटतं आणि कोवळी पानं करपतात. याच कारणाने फोसेटिल ॲल्युमिनियम हे बुरशीनाशक आणि तांबं एका टाकीत नको. बोर्डो (१ टक्का: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १०० लिटर) झाल्यावर लोखंडी पातं बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुन्याची निवळी वाढवा. कोवळ्या फुटीवर १ टक्क्याऐवजी अर्धा टक्काच वापरा.

डाऊनीसाठी शिफारस: मॅन्कोझेब ७५ टक्के २ ग्रॅम प्रतिलिटर. डाग दिसले असतील तर सायमोक्झॅनिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के हे संयुक्त बुरशीनाशक २ ग्रॅम प्रतिलिटर. कालवलेलं द्रावण त्याच तासात संपवा, रात्रभर ठेवू नका.

जीएचंही (जिबरेलिक ॲसिड, घड लांबवणारं संजीवक) तेच. घड पोपटी रंगाचा असताना १० पीपीएम, म्हणजे १०० लिटरला १ ग्रॅम. पाण्याचा सामू ५.५ ते ६ असेल तर तो नीट आत जातो. नाहीतर घड लांबत नाही आणि आपण डोस वाढवत बसतो.

स्टिकरबद्दल थोडं. पाण्याच्या थेंबाला स्वतःचा ताण असतो, म्हणून तो पानावर मोत्यासारखा बसतो. स्टिकरने तो पसरतो, पण प्रमाण जास्त झालं की औषध पानाच्या टोकाकडून ओघळून मातीत जातं. माझी सवय अशी: एका वेलीवर मारून पान उलटं करून बघायचं. टोकाला थेंब गळत असेल तर स्टिकर निम्मा करायचा.

बाकीची कामं:
- पाच-सहा पानांवर फुटींची विरळणी
- बगलफुटी काढणे
- साचलेलं पाणी चर काढून बाहेर
- छाटलेल्या काड्या बागेबाहेर
- पाऊस असेपर्यंत नत्र बंद
- नोझल आणि गाळण्या धुणे

पट्ट्या आजच आणा. मीटर असेल तर ४ आणि ७ सामूच्या द्रावणात आधी लावून घ्या, नाहीतर तो खोटं सांगतो. एकदा कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा माती-पाणी प्रयोगशाळेत पूर्ण तपासणी करा. मोटार अर्धा तास चालवून स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी घ्या, वर हवा न ठेवता काठोकाठ भरून झाकण लावा आणि त्याच दिवशी पोहोचवा. अहवालात सामूसोबत बायकार्बोनेट, क्षारता (ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) बघा. क्षारता २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर किंवा आरएससी २.५ मिलीइक्विव्हॅलंट प्रतिलिटरच्या वर असेल तर ते पाणी फवारणीलाच नाही, ठिबकलाही त्रासाचं आहे. फवारणीपुरतं तरी पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी टाकीत साठवा, अजून दोन सरी मिळतील.