हवामानबदलाचं वेबिनार: बसायचं कसं, उठायचं काय घेऊन

पर्यावरणाच्या बातम्यांची जबाबदारी (बीट) नव्याने मिळालेली मुलं हल्ली आधी हेच विचारतात: कोर्स कुठला करू? कोर्स ढिगाने आहेत, बरेचसे फुकटही. इंटरन्यूज या संस्थेचं ‘अर्थ जर्नालिझम नेटवर्क’ 2004 पासून याच विषयावरच्या पत्रकारांसाठी चालतं. त्यांची वेबिनार आणि बातमीसाठीची अनुदानं, दोन्हींवर लक्ष ठेवा. टेक्सास विद्यापीठाचं नाइट (Knight) सेंटर हे पत्रकारितेचं केंद्र ऑनलाइन कोर्स चालवतं. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटने 2022 मध्ये सुरू केलेल्या सहा महिन्यांच्या कार्यक्रमात मात्र निवड होऊन जावं लागतं. आणि अनिल अगरवालांनी 1980 मध्ये उभी केलेली दिल्लीची पर्यावरण संस्था ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ (सीएसई) आहेच.

सगळीकडे नाव नोंदवू नका. आपल्या भागात पुढच्या दोन-तीन महिन्यांत जे घडणार आहे त्याचंच सत्र निवडा. मार्चमध्ये उष्णता, मे अखेरीस पाऊस. हिमनद्यांवरचं सत्र कितीही देखणं असलं तरी अलिबागच्या वार्ताहराला ते पुरवणीपुरतंच.

उदाहरण देतो. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या भर उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने माणसं दगावली. त्याच महिन्यातल्या दमट उष्म्याचा ‘वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन’च्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि सांगितलं की हवामानबदलामुळे भारत-बांगलादेशात अशा उष्म्याची शक्यता किमान 30 पट वाढली होती. आता डेस्कवर याचा मथळा काय होईल? ‘उष्णता 30 पट वाढली’. झालं कल्याण! वाढली ती शक्यता. आजचं तापलेलं जग आणि माणसाने न तापवलेलं कल्पित जग, दोन्हींत अशी घटना किती वेळा घडेल याची ती तुलना. खारघरचे मृत्यू हवामानबदलामुळेच झाले, असं त्यातून निघत नाही. मंडप का नव्हता, वेळ दुपारची का, हे प्रश्न आयोजकांनाच विचारायचे. ॲट्रिब्यूशनवरचं, म्हणजे एखाद्या घटनेत हवामानबदलाचा वाटा किती हे कसं काढतात त्यावरचं, एखादं सत्र नीट ऐकलं की हा फरक डोक्यात पक्का बसतो, आणि माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी तेच ऐकावं.

सत्राला जाताना आपल्याकडचे उष्णतेच्या लाटेचे निकष पाठ असू द्या. हवामान विभाग किनारी भागात उष्णतेची लाट धरतो ती कमाल तापमान 37 अंश किंवा जास्त आणि सरासरीहून किमान 4.5 अंश वर असेल तेव्हा. सपाट प्रदेशात 40 अंश. या निकषात आर्द्रता नाही. कोकणात ज्या घामाने जीव नकोसा होतो, तो या हिशेबाबाहेर राहतो. इथेच तुमचा प्रश्न तयार होतो.

तो प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा आणि सत्र सुरू झाल्यावर लगेच टाका. चॅटमध्ये नव्हे, प्रश्नोत्तरांच्या खिडकीत. चॅटमध्ये ‘हॅलो फ्रॉम नैरोबी’च्या रांगेत तो वाहून जातो. ‘भारतावर काय परिणाम होईल?’ असं विचारलंत तर गोड आणि निरुपयोगी उत्तर मिळतं. ‘किनारी जिल्ह्यात दमट उष्मा मोजायला तापमानासोबत कुठली आकडेवारी बघू?’ असं विचारा. इंग्रजीची धास्ती नको. समोरचे निम्मे लोकही तुमच्यासारखंच घासूनपुसून लिहीत असतात.

वेळ बहुधा जीएमटीत दिलेली असते, साडेपाच तास मिळवा. दुपारी दोनचं सत्र आपल्याकडे साडेसातला, म्हणजे नेमकं बातम्या सोडायच्या घाईत. रेकॉर्डिंग मिळतं, पण त्याला प्रश्न विचारता येत नाही. जमलं तर वृत्तसंपादकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. वक्त्याचं वाक्य छापायचं असेल तर त्याच रात्री मेल करून परवानगी घ्या. काही सत्रं फक्त माहितीसाठी असतात, छापण्यासाठी नव्हे.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर आजवर एकाही संपादकाने ते मागितलेलं नाही. फेलोशिपच्या अर्जात मात्र त्याची एक ओळ भरते, तेव्हा पीडीएफ उतरवून ठेवा.