जुन्या गाडीच्या पत्र्यावर नवे पॉलिश पेपर: या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीचा दरवाजा रंगवला तेव्हा आरशासारखा दिसत होता. तीन आठवड्यांनी सकाळच्या तिरप्या उन्हात पाहिला, तर लांबी (पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेल्या जागी बारीक रेघा वर आलेल्या. रंगाचा त्यात काहीच दोष नव्हता. जाळीची सिरॅमिक डिस्क, म्हणजे घासायच्या मशिनला लागणारा गोल, भोकांचा पेपर, आम्ही पहिल्यांदाच वापरत होतो. नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक. 80 नंबरने लांबी झरझर उतरली, म्हणून मधले नंबर गाळून थेट 320 लावला.

इथेच बहुतेक जण फसतात. 80 ची रेघ खोल असते आणि 320 ने तिचे फक्त काठ झिजतात. खोलगट भाग प्रायमरने भरला जातो, पण त्यातलं थिनर उडालं की प्रायमर खाली बसतो आणि रेघ रंगातून डोकावते. म्हणून 80, 120, 180, मग 320 असंच जा. नंबर बदलण्याआधी उरलेल्या रेघा दाखवणारा काळ्या पावडरचा गाइड कोट फिरवा आणि घासून सगळी काळी पावडर निघून जाईपर्यंत पुढचा पेपर हातात घेऊ नका.

नंबरही नीट वाचा. 'पी' असलेला 400 युरोपीय मापाचा असतो. 'पी' नसलेला अमेरिकन मापाचा 400 साधारण पी 800 इतका बारीक निघतो. दोन कंपन्यांचे पेपर एकत्र वापरताना हा घोळ हमखास होतो.

जाळीची डिस्क व्हॅक्यूमशिवाय चालवू नका. भोकांतून धूळ आत जाते आणि मशिनच्या पॅडचे, डिस्क धरून ठेवणारे वेल्क्रोचे आकडे झिजतात. पॅड आणि डिस्कच्या मधे पातळ पॅड सेव्हर लावा. मधे लावायचा मऊ फोम मात्र मडगार्डच्या गोलाईसाठीच ठेवा. सपाट लांबीवर फोम लावला तर कडेचा टणक जुना रंग तसाच राहतो, लांबी खोल जाते आणि पॅनलवर लाटा उठतात. डोळ्यांना त्या दिसत नाहीत. पातळ फडकं ठेवून त्यावरून तळहात सावकाश फिरवा, लगेच कळतं.

नवी डिस्कसुद्धा दोन मिनिटांत चोंदते? मग बहुधा लांबी अजून ओली आहे. दाबून घासलं की ती तापते आणि आणखी चिकटते. नख रुतत असेल तर थांबा.

उघड्या लांबीवर वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पेपर) नकोच. पॉलिएस्टर लांबी पाणी शोषते, पत्रा आतून गंजतो आणि रंगावर फोड येतात. पावसाळ्यात तर नुसत्या लांबीवर गाडी रात्रभरही उघडी ठेवू नये.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासताना तोंडावर रुमाल पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्कच हवा.

नवा पेपर आता आम्ही आधी भंगारातल्या बॉनेटवर लावतो: अर्ध्यावर जुना, अर्ध्यावर नवा, वर प्रायमर आणि रंग. मग ते बॉनेट महिनाभर उन्हात ठेवतो. पद्मिनीचा तो दरवाजा मात्र प्रायमरसकट उतरवून पुन्हा करावा लागला.