'डॉक्टर स्लीप' जमली का? निकाल देण्याआधी काय वाचावं, काय तपासावं

स्टीफन किंगची भयकादंबरी 'द शायनिंग' १९७७ साली आली आणि तिचा पुढचा भाग 'डॉक्टर स्लीप' सप्टेंबर २०१३ मध्ये. मध्ये ३६ वर्षं गेली. एवढ्या प्रतीक्षेनंतर हाती आलेल्या पुस्तकावर बहुतेक वाचक पहिल्या शंभर पानांतच शिक्का मारून मोकळे होतात: पहिल्यासारखी भीती वाटली नाही, म्हणजे फसली. अपेक्षा चुकीची असली की निकालही चुकतो. ज्या माणसाला पहिल्या पुस्तकाने जिवंत सोडलं, त्याचं मधल्या वर्षांत काय झालं, याचं खरं उत्तर पुढच्या भागाने द्यायचं असतं. ते दिलं की नाही हे तपासण्याची एक पद्धत खाली आहे. दोन्ही कादंबऱ्यांचे शेवट त्यात उघड होतात, तेव्हा न वाचलेल्यांनी इथेच थांबावं.

आधी सिनेमा डोक्यातून काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. 'द शायनिंग' म्हटलं की अनेकांना आठवतो तो स्टॅन्ली कुब्रिकचा १९८० चा चित्रपट. 'डॉक्टर स्लीप' मात्र कादंबरीचा पुढचा भाग आहे. हिवाळ्यात बंद असलेल्या हॉटेलची राखण करायला बायको-मुलासह आलेला जॅक टॉरन्स चित्रपटात हिरव्या कुंपणांच्या भूलभुलैयात गोठून मरतो आणि हॉटेल उभंच राहतं. कादंबरीत भूलभुलैया नाहीच, तिथे प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत. जॅक बॉयलरचा दाब उतरवायला विसरतो, बॉयलर फुटतो आणि ओव्हरलुक हॉटेल त्याच्यासकट जळून जातं. स्वयंपाकी डिक हॅलोरन चित्रपटात मरतो, पुस्तकात वाचतो. खोलीचा क्रमांकसुद्धा वेगळा: पुस्तकात २१७, पडद्यावर २३७.

हे फरक माहीत नसतील तर 'डॉक्टर स्लीप'च्या सुरुवातीलाच गोंधळ उडतो. मेलेला हॅलोरन इथे कसा, हॉटेल कुठे गेलं, असे प्रश्न पडतात आणि दोष पुस्तकाच्या माथी येतो. टॉरन्स कुटुंबाचा खरा इतिहास कादंबरीतलाच, असं किंगने 'डॉक्टर स्लीप'च्या अखेरच्या टिपणात सांगितलं आहे.

पहिली कादंबरी पूर्ण पुन्हा वाचणं उत्तम. वेळ नसेल तर चार ठिकाणं तरी वाचाच: जॅकची मुलाखत आणि त्यानंतरची बॉयलरची ओळख, दारूच्या अमलाखाली त्याने आपल्या लहानग्या मुलाचा, डॅनीचा, हात मोडला ती आठवण, २१७ क्रमांकाच्या खोलीतला प्रसंग, आणि मेनमधल्या तळ्याकाठचा उपसंहार. उपसंहार वगळू नका. चित्रपटात तो नाही, आणि 'डॉक्टर स्लीप'चा सगळा सूर तिथून निघतो.

एका कागदावर तीन नोंदी

वाचून झाल्यावर लगेच तीन गोष्टी लिहून ठेवा. कोण जिवंत राहिलं. त्या दुष्ट शक्तीला काय करता येतं आणि काय येत नाही. आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला.

'द शायनिंग'पुरतं सांगायचं तर डॅनी, त्याची आई वेंडी आणि हॅलोरन वाचले. हॉटेलला डॅनीच्या शक्तीमुळे बळ चढतं, पण हात-पाय वापरायला त्याला एक माणूस लागतो आणि तो त्याला जॅकमध्ये सापडतो. तिसरी नोंद मात्र विचार करून लिहा. पाच वर्षांच्या डॅनीकडे दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची, घडून गेलेलं आणि घडणारं दिसण्याची शक्ती आहे. बापाकडून त्याला दारूची ओढ आणि राग हेही मिळालेलं असू शकतं. मोठेपणी यातलं काय जिंकेल? पुढच्या भागाने उत्तर द्यायचं ते या प्रश्नाचं.

हा कागद बाजूला ठेवा आणि आठवडाभर थांबा. एक पुस्तक मिटून लगेच दुसरं उघडलं तर फक्त शैलीतला फरक टोचत राहतो. तिशीच्या आसपासचा किंग आणि साठी ओलांडलेला किंग वेगळं लिहिणारच. पहिलं पुस्तक लिहिणारा पिणारा होता, दुसरं लिहिणारा अनेक वर्षं दारूपासून दूर होता. हा बदल पुस्तकाला उपकारक ठरला का, ते बघायचं असतं.

नियम मोडले की वाढवले

'डॉक्टर स्लीप' उघडताच २१७ मधली मिसेस मॅसी डॅनीच्या न्हाणीघरात येऊन बसलेली सापडते. हॉटेल जळलं, तरी भुतं उरली. इथे दुसरी नोंद काढून ताडून बघा. पहिल्या पुस्तकात हॅलोरनने सांगितलं होतं की ही दृश्यं पुस्तकातल्या चित्रांसारखी असतात, इजा करत नाहीत. त्याचा तो अंदाज तेव्हाच चुकला होता. आता तोच हॅलोरन डॅनीला मनात कुलूपबंद पेट्या तयार करून भुतांना त्यांत कोंडायला शिकवतो. जुन्या नियमाला धक्का न लावता ही नवी युक्ती त्याच्यावर उभी राहते, आणि पुढे शेवटच्या संघर्षात कामाला येते. सुरुवातीला पेरलेलं शेवटी उगवतं, म्हणून ही कसोटी 'डॉक्टर स्लीप' उत्तीर्ण होते.

नियम पार मोडले तर काय होतं, याचं उदाहरण म्हणून कादंबरीकार आयरा लेव्हिनकडे बघा. 'रोझमेरीज बेबी' १९६७ ची, तिचा पुढचा भाग 'सन ऑफ रोझमेरी' १९९७ चा, म्हणजे इथेही ३० वर्षांचं अंतर. या पुढच्या भागाच्या शेवटी रोझमेरी जागी होते आणि सगळं स्वप्न होतं असं कळतं. वाचकाने दोन पुस्तकांत सोसलेलं सगळंच त्याने पुसलं जातं. भयकथेत भोगलेल्याची किंमत राहिली नाही, तर मागे वळून बघितल्यावर भीतीही राहत नाही.

हे पान पहिल्या पुस्तकात चाललं असतं का?

वाचताना ज्या ज्या पानावर अंगावर काटा येईल, तिथे हा प्रश्न विचारा. उत्तर 'हो' आलं तर लेखक जुनंच दळतोय. 'नाही' आलं तर काही नवं हाती लागलंय. दहाबारा पानांच्या कडेला पेन्सिलीने 'ह' किंवा 'न' लिहिलं तरी पुरे. शेवटी मोजणी करायची.

'डॉक्टर स्लीप'मध्ये 'न' जास्त येतात. मोठा झालेला डॅन दारुड्या अवस्थेत अनोळखी बाईच्या घरी जागा होतो, तिच्या पाकिटातले पैसे उचलतो, आणि तेवढ्यात तिचं लहान मूल टेबलावरच्या कोकेनकडे मिठाई समजून हात नेतं. या प्रसंगात एकही भूत नाही. तरी पुस्तकातलं सगळ्यात भीतिदायक पान बहुधा हेच, कारण इथे मुलगा बापाच्या वाटेवर बापाच्या पुढे गेलेला दिसतो. पुढे कितीतरी वर्षं तो प्रसंग डॅनचा पिच्छा सोडत नाही आणि पुस्तकही तो विसरत नाही.

न्यू हॅम्पशायरमधल्या फ्रेझर गावातलं शुश्रूषागृह असंच. मरणाच्या दारातल्या माणसांची वेळ तिथल्या मांजराला आधी कळते, मग डॅन येऊन त्यांच्याजवळ बसतो. जी शक्ती लहानपणी शाप होती तीच इथे आधार होते. तिसऱ्या नोंदीचं अर्धं उत्तर इथे मिळतं, आणि हे प्रसंग घाईने वाचू नयेत. कथानक पुढे सरकत नाही म्हणून अनेकजण ही पानं उडवतात, मग शेवट का भिडला नाही याचं नवल करतात.

खलनायकांचा हिशोब

पुस्तक लंगडतं ते इथे. ट्रू नॉट ही मोठमोठ्या घरगाड्यांतून देशभर फिरणारी, माणसांसारखीच दिसणारी टोळी. शायनिंग, म्हणजे डॅनीसारखी शक्ती, असलेल्या मुलांना हालहाल करून मारायचं आणि त्यांच्यातून निघणाऱ्या वाफेवर जगायचं, हा त्यांचा धंदा. कल्पना जबरदस्त आहे, आणि आयोवातल्या बेसबॉल खेळणाऱ्या मुलाचा मृत्यू वाचताना पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं.

आता दोन रकाने आखा. एकीकडे टोळीचे पराभव, दुसरीकडे नायकांचे. त्या मुलाकडून टोळीला गोवराची लागण होते आणि सदस्य मरू लागतात. टोळीची म्होरकी रोझ द हॅट आणि शायनिंग असलेली मुलगी अब्रा स्टोन यांची मनोमन झुंज जेव्हा जेव्हा होते, तेव्हा रोझ मार खाऊन परतते. एका चकमकीत टोळीचे बरेच जण संपतात. दुसरा रकाना जवळजवळ कोराच राहतो. मुख्य पात्रांपैकी कुणीही टोळीच्या हातून मरत नाही. अब्राची पणजी जाते ती आजाराने. मध्यानंतर वाचक 'वाचतील का' असं न विचारता 'कसं हरवतील' एवढंच बघायला लागतो, आणि ताण सैल पडतो. ओव्हरलुकपुढे तीन माणसं एकेक पायरी हरत जातात आणि बर्फामुळे बाहेर पडायची सोय नसते. इथे रस्ते मोकळे आहेत, फोन आहेत, मदतीला माणसं आहेत.

दुसरी अडचण नात्याची. अब्राची आई ल्युसी ही जॅकचीच मुलगी, म्हणजे डॅनची सावत्र बहीण निघते. अशा योगायोगाची पारख सोपी आहे: तो मनातल्या मनात काढून टाका. कथानक कोसळतं का? इथे कोसळत नाही, कारण डॅन आणि अब्राला शायनिंगने आधीच जोडलेलं आहे. पण अब्राच्या रागाकडे बघून डॅन तिला सावध करतो, तेव्हा तो राग आजोबांकडून आलेला असणं त्या बोलण्याला वजन देतं. रहस्य म्हणून ही गोष्ट कच्ची, वारसा म्हणून पक्की. दोन्ही लिहून ठेवा, एकासाठी दुसरं खोडू नका.

जागेवर परत जाणं

जुन्या जागी परतायचं तर ती जागा बदललेली हवी. कादंबरीत ओव्हरलुक नाही, त्याच्या जागी ट्रू नॉटचा तळ आहे, आणि जॅकचं भूत एका निर्णायक क्षणी मुलाच्या बाजूने उभं राहतं. 'डॉक्टर स्लीप'च्या २०१९ च्या चित्रपटात दिग्दर्शक माइक फ्लॅनगनला कुब्रिकचं उभं हॉटेल सांभाळायचं होतं. म्हणून तिथे डॅन हॉटेलात परततो आणि बॉयलरच्या आगीत जातो, म्हणजे पहिल्या कादंबरीतला जॅकचा शेवट मुलाच्या वाट्याला येतो. युक्ती देखणी आहे. फक्त दोन्ही 'डॉक्टर स्लीप'चा निकाल एकत्र करू नका, कारण एकीत डॅन जगतो आणि दुसरीत मरतो.

निकाल कधी आणि कसा

पुस्तक संपल्या दिवशी निकाल देऊ नये. दहा दिवसांनी, पुस्तक न उघडता, आठवतील ते पाच प्रसंग लिहा. 'डॉक्टर स्लीप'च्या बाबतीत त्या यादीत मारामाऱ्या सहसा कमी येतात. ते मूल, मांजर, मरणाऱ्यांचे हात येतात. त्यावरून आमचं मत असं की व्यसनातून उठलेल्या माणसाची गोष्ट म्हणून ती पूर्ण यशस्वी आहे, भयकादंबरी म्हणून निम्मी. 'द शायनिंग'च्या शेजारी ठेवायला हरकत नाही, तिच्या जागी ठेवता येणार नाही.

मन अजून डळमळत असेल तर एक शेवटचं वाचन करा, तासाभराचं काम आहे. 'द शायनिंग'चा उपसंहार आणि 'डॉक्टर स्लीप'चं अखेरचं प्रकरण लागोपाठ वाचा. पहिल्यात तळ्याकाठी हॅलोरन लहान मुलाला समजावतो की जग कठीण आहे, त्याला आपली पर्वा नाही, तरी पुढे जात राहायचं. दुसऱ्यात तोच मुलगा मोठा होऊन फ्रेड कार्लिंगच्या उशाशी बसतो. शुश्रूषागृहातल्या असहाय म्हाताऱ्यांच्या दंडावर वळ उठवणारा हा माणूस डॅनला कधीच आवडला नव्हता. तरी तो त्याचा हात धरतो.