फायनान्समध्ये नोकरी शोधताय? मग या चुका टाळा

"मला फायनान्समध्ये जायचंय" असं बरेच जण सांगतात पण त्यात नेमकं काय करायचंय विचारलं की गाडी अडते, आणि पहिली चूक इथेच होते. क्रेडिट, इक्विटी रिसर्च, रिस्क (तोट्याचा धोका मोजणं), ट्रेझरी (संस्थेच्या रोख पैशाची व्यवस्था) सगळं लांबून सारखंच दिसतं. क्रेडिटवाला बघतो की कंपनी कर्ज फेडेल का, म्हणजे त्याची नजर कॅश फ्लो (पैशाची आवक-जावक) आणि तारणावर, आणि रिसर्चवाला त्याच कंपनीची बॅलन्स शीट (मालमत्ता आणि देण्यांचा ताळेबंद) उघडून शेअरचा भाव महाग आहे की स्वस्त ते शोधतो. 'ॲनालिस्ट' हे पद तर जवळपास सगळीकडे असतं, त्यामुळे पदाच्या नावावर जाऊ नका, रोज काय करायचंय ते विचारा.

दुसरं म्हणजे बॅक ऑफिसला, म्हणजे व्यवहार झाल्यावर त्याची नोंद, हिशेब आणि तपासणी करणाऱ्या विभागाला, कमी लेखणं. हे मला खरंच खटकतं. बेअरिंग्ज ही 1762 सालची ब्रिटिश बँक 1995 मध्ये बुडाली कारण सिंगापूरमध्ये तिचा ट्रेडर निक लीसन स्वतःच ट्रेडिंग करायचा आणि त्याच ट्रेड्सच्या सेटलमेंटवरही (व्यवहाराची देवाणघेवाण पूर्ण करून नोंदवणं) त्याचाच ताबा होता, 88888 नंबरच्या खात्यात तोटा दडवत गेला आणि आकडा 80 कोटी पौंडांच्या वर गेला. रिकन्सिलिएशन (नोंदी एकमेकींशी ताडून बघणं) करणारा वेगळा माणूस लागतो तो यासाठी. फक्त बॅक ऑफिसमधून पुढे फ्रंट ऑफिसला (जिथे थेट ट्रेडिंग किंवा क्लायंटचं काम चालतं) आपोआप जाता येईल असं धरून चालू नका, जॉइन व्हायच्या आधीच स्पष्ट विचारा की आतल्या आत बदली होते का.

सर्टिफिकेट्सचंही तसंच. रिस्कमध्ये जायचंय तर एफआरएम (फायनान्शियल रिस्क मॅनेजर), त्याच्या परीक्षेचे दोन पार्ट. इन्व्हेस्टमेंटकडे जायचंय तर सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल ॲनालिस्ट), त्याच्या परीक्षेच्या तीन लेव्हल, शिवाय चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा हक्क, मिळायला 4,000 तासांचा कामाचा अनुभव लागतो. त्यामुळे लेव्हल वन पास झाल्यावर नावापुढे सीएफए लावू नका, ते नियमात बसत नाही आणि समोरच्याला लगेच कळतं.

आता अडतंय कुठे ते बघा. कॉलच येत नसतील तर बहुतेक एकच रेझ्युमे सगळीकडे जातोय. कॉल येतात पण टेक्निकल राउंडला गाडी थांबते? मग तिन्ही स्टेटमेंट (नफा-तोटा, कॅश फ्लो आणि बॅलन्स शीट) एकमेकांना कशी जोडलेली असतात ते पक्कं नाहीये. नेहमीचा प्रश्न घ्या, डेप्रिसिएशन (घसारा, म्हणजे वापरामुळे मालमत्तेची घटलेली किंमत) 10 ने वाढलं तर काय होईल? टॅक्स 30 टक्के धरला तर निव्वळ नफा 7 ने कमी, कॅश फ्लोमध्ये ते 10 परत मिळवायचे कारण पैसा बाहेर गेलेलाच नाही, म्हणजे कॅश 3 ने वाढली. बॅलन्स शीटवर मालमत्तेची किंमत 10 ने खाली, कॅश 3 ने वर, आणि पलीकडे रिटेन्ड अर्निंग्ज (कंपनीत राखून ठेवलेला नफा) 7 ने खाली, जुळलं. पाठ करू नका, कागदावर आकडे बदलून बदलून करा, म्हणजे प्रश्न फिरवून विचारला तरी अडणार नाही.

एक्सेल टेस्टमध्ये तर बॅलन्स शीट जुळेना म्हणून फरकाचा आकडा कुठेतरी ठोकून देतात, हे अजिबात करू नका. फरकाला 2 ने भागून तो आकडा शीटमध्ये शोधा, बरेचदा एखादी रक्कम उलट्या चिन्हाने गेलेली सापडते, आणि वेळ संपलाच तर फरक तसाच ठेवून कुठे शंका आहे ते शेजारी लिहा.