जपान-अमेरिकेच्या मधला बेसबॉल एजंट व्हायचंय? मग आधी नियमावली वाचा

पुण्यात जॅपनीज शिकणारे ढिगाने आहेत, एन-टू (जॅपनीजच्या परीक्षेची वरून दुसरी पातळी) सुटली की चाकणच्या एखाद्या कंपनीत दुभाष्या नाहीतर आयटीत ट्रान्सलेटर, हा ठरलेला रस्ता. मध्यंतरी आमच्या क्लासच्या एका ज्युनियरने विचारलं, "दादा, बेसबॉलवाल्यांचा एजंट व्हायला काय लागतं?" त्याला म्हटलं आधी डॉन नोमुरा कोण ते बघ, या धंद्यातला नामी एजंट.

१९५७ चा टोकियोचा जन्म, आई जपानी, वडील अमेरिकन, म्हणजे तिथल्या भाषेत 'हाफू'. नंतर आईने कात्सुया नोमुराशी लग्न केलं, हा जपानी बेसबॉलमधला केवढा मोठा माणूस, त्यामुळे आडनाव दणदणीत मिळालं पण याचा स्वतःचा खेळ याकुल्ट क्लबच्या दुसऱ्या टीमच्या वर कधी गेला नाही. मग अमेरिका गाठली, कॅलिफोर्नियात सॅलिनास नावाच्या गावच्या छोट्या लीगमधल्या टीममध्ये हिस्सा घेतला, तिथे माकोतो सुझुकी नावाच्या पोराला आणला, तो सुरुवातीला टीमचे कपडे धुण्यासकट पडेल ते काम करायचा आणि १९९६ मध्ये थेट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये पोचला.

पण नोमुराचं नाव झालं ते हिदेओ नोमो या जपानी पिचरमुळे (बेसबॉलमधला चेंडू टाकणारा), आणि खरी शिकवणी तिथेच आहे. खेळाडू म्हणजे क्लबची मालमत्ता असा तेव्हाचा खाक्या. नोमुराने काय केलं, तर नियमावली घेऊन बसला. त्यात 'स्वेच्छानिवृत्ती'चं कलम होतं, निवृत्त झालेला खेळाडू परत आला तर जुन्याच क्लबकडे आला पाहिजे. पण हे जपानपुरतं हो! परदेशात खेळू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग नोमोने आपल्या क्लबकडे, किन्तेत्सुकडे, अनेक वर्षांचा करार मागितला, तो मिळणार नाही हे माहीतच होतं, क्लबने नाही म्हटलं, नोमो 'निवृत्त' झाला आणि १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडे गेला, २० लाख डॉलर बोनस घेऊन. तिकडे जपानात पेपरवाले त्याला गद्दार म्हणत होते, इकडे अमेरिकेत तो त्याच वर्षी २३६ बॅटर बाद करून रुकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू. पळवाट नंतर बुजवली, आणि १९९८ मध्ये पोस्टिंग सिस्टिम (क्लबच्या परवानगीने खेळाडूने अमेरिकेत जायची पद्धत) आली त्याला नोमुराच्या अशाच दोन-तीन भानगडी कारण.

आता तुझं काम. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या युनियनचं सर्टिफिकेट लागतं: अर्ज, पार्श्वभूमी तपासणी, लेखी परीक्षा, आणि वर मेजर लीग टीमच्या ४० खेळाडूंच्या यादीतल्या एकाने तुला आपला एजंट म्हणून नेमायला पाहिजे. म्हणजे आधी अंडं की आधी कोंबडी. म्हणून सगळे आधी कुणाच्या तरी हाताखाली राबतात, तूही राब. कमिशन साधारण ४-५ टक्के.

पोस्टिंगचं गणित मात्र तोंडपाठ पाहिजे. परदेशी जायला पूर्ण मोकळीक ९ वर्षांनी, त्याआधी जायचं तर क्लबची परवानगी, मग बोलणीला ४५ दिवस. कराराच्या पहिल्या अडीच कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर साडेसतरा, वरच्यावर १५, हे पैसे जुन्या क्लबला आणि तेही खेळाडूच्या पैशाव्यतिरिक्त. डॉजर्सकडे गेलेल्या यामामोतो या पिचरचं २०२३ चं धर, करार ३२.५ कोटी डॉलरचा: ५० लाख अधिक ४३.७५ लाख अधिक ४ कोटी १२.५ लाख, झाले ५ कोटी ६ लाख आणि वर थोडे. हे कागदावर करून बघ, मोबाईलवर नको. आणि वय तपास! २५च्या आत असेल तर बोनसवर मर्यादा येते, ओहतानी २०१७ मध्ये २३ व्या वर्षी गेला तेव्हा सही करायचे जेमतेम २३ लाख डॉलर मिळाले.

भाषेचं म्हणशील तर एन-वन असली तरी अडकशील. क्लबवाला 'केन्तो शिमासु' म्हणाला, म्हणजे विचार करतो, तर तू अमेरिकन माणसाला "ते विचार करतायत" असं सांगू नकोस. आपल्याकडे काका "बघू" म्हणाले की काय समजायचं, तेच इथे. आणि अमेरिकन माणूस "शेवटची ऑफर" म्हणाला तर तेही जपानला जसंच्या तसं पोचवू नकोस, शेवटची नसते बहुतेकदा.

झोपेचं खोबरं होणार हे धरून चाल. हिवाळ्यात लॉस एंजेलिस टोकियोच्या १७ तास मागे, तिथे संध्याकाळी पाच वाजले की टोकियोत दुसऱ्या दिवसाचे सकाळचे दहा, म्हणजे एकाचं ऑफिस सुटताना दुसऱ्याचं भरतं आणि मधे तू.

आणि एवढं करूनही डील फिसकटते. २०१० मध्ये नोमुराचाच खेळाडू, पिचर इवाकुमा, तेव्हा पोस्टिंगमध्ये बोलणीच्या हक्कासाठी बोली लागायची, ती ओकलंडने जिंकली, बोलणी फाटली, गडी मुकाट्याने आपल्या राकुतेन क्लबला परत गेला. वर्षभर थांबून सिअ‍ॅटलला मोकळा म्हणून गेला आणि २०१५ मध्ये तिथे नो-हिटर (समोरच्या टीमला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकला.