नवा अल्बम आला की आधी शफल बंद करा

दर शुक्रवारी नवीन अल्बम येतात, २०१५ च्या जुलैपासून जवळपास सगळ्या जगात हाच वार ठरलाय, आणि इतके येतात की आपण प्लेलिस्टमधली दोन गाणी ऐकतो, ठीके म्हणतो आणि पुढे जातो. तसं नका करू. महिन्याला चारच घ्या, इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं स्वतंत्र संगीत), मेटल, इलेक्ट्रॉनिक, हिपहॉप एकेक, पण अख्खे ऐका. कसे ते २०२४ च्या चार अल्बमवरून सांगतो, हे चारही मी अजून परत परत लावतो.

आधी शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद करा. मग ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणं) शून्यावर आणा, गाणी आपोआप जोडणारं ऑटोमिक्स बंद, ऑटोप्लेपण बंद, नाहीतर अल्बम संपल्या संपल्या ॲप भलतंच काहीतरी लावतं आणि शेवटचं गाणं मुरतच नाही.

मेटलपासून सुरू करा, घाबरू नका. अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशन या बँडचा ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर. दोनच रचना, वीस-तेवीस मिनिटांच्या, प्रत्येकीचे तीन तुकडे. मी पहिल्यांदा लोकलमध्ये ऐकला तेव्हा क्रॉसफेड चालू राहिलं होतं, त्यामुळे एका तुकड्याची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर चढत होती आणि ड्रम डबल वाजत होते, मला वाटलं गाणंच असं आहे! घरी येऊन सेटिंग बदलून लावला तेव्हा कळलं की सगळं एका श्वासात वाहतं. गुरगुरणारा आवाज झेपत नसेल तर तो सोडा, ड्रम धरून चाला. पहिल्या रचनेच्या दुसऱ्या तुकड्यात टँजरिन ड्रीम या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचा टॉर्स्टन क्वेशनिंग सिंथेसायझरवर आहे, इतका वेळ भट्टीसारखा धगधगणारा बँड तिथे एकदम निवतो. रेकॉर्डिंगही बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत झालंय, म्हणजे टँजरिन ड्रीमच्याच गावात. हा इअरफोनवर, डोळे मिटून, मध्ये न थांबता.

इंडीसाठी सिंडी लीचा डायमंड ज्युबिली. ३२ गाणी, दोन तास. हा एका बैठकीत ऐकायचा हट्ट नको, भाजी निवडताना अर्धा आणि रात्री अर्धा चालेल, फक्त क्रम मोडू नका. आला तेव्हा स्ट्रीमिंगवर नव्हताच, यूट्यूबवर एकच लांबलचक व्हिडिओ आणि साध्याशा साइटवर डाउनलोड, म्हणून सांगतो, ॲपच्या बाहेरही शोधत जा.

इलेक्ट्रॉनिकसाठी जेमी एक्सएक्सचा इन वेव्ह्ज, तो स्पीकरवर लावा, फोनच्या नाही. बेस छातीत लागला पाहिजे. आधीचा इन कलर २०१५ चा, मध्ये नऊ वर्षं गेली, दोन्ही लागोपाठ ऐकले तर माणूस कुठून कुठे आला ते ऐकू येतं.

आणि हिपहॉपसाठी केंड्रिक लमारचा जीएनएक्स, २२ नोव्हेंबरला काहीही न सांगता टाकलेला. पहिल्यांदा नुसता ऐका, दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन. सुरुवातीलाच डेरा बरेरा ही मारियाची (मेक्सिकोचं पारंपरिक संगीत) गाणारी गायिका स्पॅनिशमध्ये गाते, तो आवाज पुढे परत येतो तेव्हा पकडा. नाव ब्यूकच्या १९८७ च्या गाडीचं, आणि केंड्रिकचा जन्मही ८७ चाच.

आवडलेला अल्बम शक्यतो विकत घ्या. बँडकँप या गाणी विकणाऱ्या साइटवर काही ठराविक शुक्रवारी 'बँडकँप फ्रायडे' असतो, त्या दिवशी साइट स्वतःचा कट सोडते. दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार मोजतात, त्यामुळे आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबारा-दीडनंतरच पैसे भरा.