केजीतल्या पोराचा घरी अभ्यास घेताय? या चुका टाळा

लहान गटाला शिकवते, दरवर्षी त्याच त्या चुका बघून वैताग आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी म्हणजे १ ते १०० ची पोपटपंची. एक बाबा मुलाला घेऊन आले, "टीचर, शंभरपर्यंत येतं याला, आता पुढे काय घेऊ?" मी टेबलावर ७ बटणं मांडली, म्हटलं मोज बघू. तोंड पुढे धावतंय, बोट मागे राहिलंय, एकाच बटणावर दोन-दोन आकडे, उत्तर आलं नऊ. विचारलं मग एकूण किती, तर गडी परत एकपासून सुरू! शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच एकूण किती, हे त्याला उमगलंच नव्हतं, आणि बाबा मागून "सात सांग, सात" करतायत. अहो, शंभरपर्यंत म्हणणं म्हणजे गाणं पाठ असणं, मोजणं वेगळं. मी तर मोजलेली वस्तू उचलून बाजूला सरकवायलाच लावते, नुसतं बोट दाखवून चालत नाही. घरात "चार चमचे आण" म्हणा, जिना चढताना पायऱ्या मोजा, दहापर्यंत असं पक्कं होऊ दे, शंभर कुठे पळून जात नाही.

दुसरी पेन्सिलची घाई. तीन वर्षांच्या पोराला वही देऊन थेट 'अ' गिरवायला बसवतात, अरे त्यात दोन अर्धगोल, आडवी रेघ, उभा दांडा, वर शिरोरेघ! बोटांत जोर नसतो मग पोरगं मुठीत पेन्सिल धरतं, दाबून कागद फाडतं आणि वही दिसली की पळतं. आधी क्ले मळू दे, कागद फाडू दे, मणी ओवू दे, कपड्यांचे चिमटे लावू दे. मग उभ्या-आडव्या रेघा, गोल, तिरप्या रेघा उशिराच जमतात. अक्षरं ग, म, न पासून घ्या, वर्णमालेच्या क्रमाने लिहायलाच हवं असं कुणी सांगितलंय? आणि खडू तोडून छोटा तुकडा द्या, मूठ मावतच नाही त्यामुळे चिमटीत आपोआप धरतात. हात धरून गिरवून घेणं मला तरी अजिबात पटत नाही, त्यात पोराचा हात नुसता ओढला जातो.

बाकीच्या छोट्या. ३ उलटा काढला, घ-ध मध्ये गोंधळ झाला की लगेच खोडरबर नको, सहा-सात वर्षांपर्यंत हे चालायचंच. एकवीस सांगितल्यावर १२ लिहिलं तरी ओरडू नका, ऐकताना एक आधी येतो ना. स्क्रीनवर बोट फिरवून पेन्सिलची पकड येत नाही, ॲप कितीही भारी असलं तरी. १०-१५ मिनिटं झाली, पोरगं चुळबुळ करायला लागलं की उठू द्या, तासभर बसवून काही होत नाही.

आणि सारखं "लक्षच देत नाही" वाटत असेल तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या, फळ्यावरचं नीट न दिसणारी पोरं उगाच ओरडा खातात.